वेशीआईची हळद

खडकवेस, ता. पैठण
६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, आबांचा केलास, आणि गावातल्या ज्या ज्या माणसाच्या फोनवरून मी लावून पाहिलं त्याचाही केलास. पोस्टमनला मात्र ब्लॉक करता येत नाही. तुझा चिकलठाण्याचा पत्ता सुदर्शननं काढून दिला. सुदर्शन कोण ते सांगते, तोवर पत्र फाडू नकोस.

इकडं धरण काठोकाठ भरलंय. पाणी पार शाळेच्या लिंबापर्यंत आलंय. गावात पेढे वाटून झाले, पुढारी येऊन पाण्याला नारळ देऊन गेले, आणि आबा रोज सकाळी पेपरमधला पाण्याचा टक्का मोठ्यानं वाचतात. सगळा जिल्हा खूश आहे. पाणी उतरावं म्हणून देवाला हात जोडणारी अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन. कुणाला कळलं तर गावातून हाकलून देतील, आणि खरं सांगू, तसं झालं तर बरंच होईल. निदान बाहेर तरी पडेन.

दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं. सुदर्शन पैठणच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. आपल्या गिरणीची मोटर जळाली तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं आला, मोटर दुरुस्त केली आणि चहा पिताना माझ्या केसातलं पीठ बघून हसला. मला राग आला होता. नंतर नाही आला. सुपारी फुटली, साडी झाली, आणि गाडी तिथंच रुतली. कुठं रुतली ते तुला सांगायला नको.

तरी लिहितेच. सुदर्शनच्या आईला समजावून सांगताना मला पहिल्यांदा जाणवलं की हे किती विचित्र आहे. त्यांना म्हटलं, आमच्या जुन्या गावाच्या वेशीत एक शेंदरी दगड आहे, वेशीआई. गावातून जाणाऱ्या पोरीनं लग्नाआधी तिला हळद लावायची. वेशीचा मान आमच्या घराकडं. मानाच्या घरातलं माणूस विचारतं, "कोण जातंय?" पोरीनं आपलं नाव सांगायचं. मग ते माणूस म्हणतं, "वेस मोकळी." तेवढं झालं की पोर जायला मोकळी. मेलेलं माणूससुद्धा तिथूनच जातं, ताटी वेशीत टेकवून. बाईनं म्हटलं तरी चालतं, आजोबा बाजाराला गेले होते तेव्हा आजीनं एकीला म्हटलं होतं. फक्त जाणारीनं स्वतःच स्वतःला म्हणायचं नसतं.

त्यांनी विचारलं, "मग अडलं कुठं?" मी म्हटलं, "वेस धरणात आहे."

त्या बिचाऱ्यांनी हातातला चहा खाली ठेवला. धरण झालं तेव्हा मारुती बैलगाडीतून वर आला, खंडोबा आला, वेशीआई तेवढी राहिली. "वेस काय खाट हाये का उचलून न्यायला," असं आजोबा म्हणाले म्हणे, आणि त्यांचं ते एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या मानेवर बसलं. गावातल्या बाकीच्या पोरी तराफ्यावरून पाण्यात हळद टाकतात आणि सासरी जातात. त्यांची पोरंबाळं चांगली धडधाकट आहेत. पण आपण पडलो मानकरी. आपल्या पोरीनं पायी जायला पाहिजे. म्हणजे पाणी उतरेल तेव्हा.

तू दोन पावसाळे थांबलीस. तिसऱ्या वर्षी बॅग घेऊन अंगणात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आबा, इथूनच म्हणा. वेस मोकळी म्हणा." आबांनी पाठ फिरवली आणि गिरणी चालू केली. तू पुढं काय बोललीस ते त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.

माझं तुझ्याकडं काही मागणं नाही. सुदर्शनच्या आईनं अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत दिलीय, त्यानंतर त्या दुसरी मुलगी बघणार. वाईट नाहीत त्या, दोन वर्षं कोण थांबतं? एवढंच कळवायचं होतं.

सोनी


११ जानेवारी २०२६

ताई,

उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे मिळालं.

फ्लेमिंगो आलेत. रविवारी शहरातल्या गाड्या येतात, लांब नळीचे कॅमेरे लावून लोक पालथे पडतात आणि मला विचारतात, "तुम्ही किती लकी आहात, रोज हे बघता!" मी त्यांना संक्रांतीसाठी दळायला आलेली बाजरी दाखवते. आज एका बाईनं विचारलं, तुम्हाला इथून कुठं जावंसं वाटतच नसेल ना? मी गिरणीचा पट्टा चढवला. आपल्या घरात उत्तर द्यायची हीच पद्धत आहे, नाही का?

रागावू नकोस. मला हल्ली असंच बोलायला येतं.

पाणी शाळेपासून मागं सरलंय. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर सुरू केलाय, पाणी जसं हटेल तसा हरभरा खाली खाली सरकतोय. मी संध्याकाळी लिंबाखाली उभी राहते आणि बघते. आबा रोज सकाळी काठी टेकत काठापर्यंत जातात आणि येऊन सांगतात, "अजून लई पाणी हाये, सोने." तेवढं सांगून त्यांना चहा गोड लागतो असं मला वाटायला लागलंय. मन इतकं वाईट झालंय माझं.

परवा सुदर्शन आला होता. कामाच्या कपड्यांतच, ऑइलचे हात मागं लपवून. आबांसमोर बसला आणि हळूच म्हणाला, "आबा, पाणी जरा उतरलं की कडुबा भोयाच्या तराफ्यावरून जाऊ. दगडाच्या वर थांबू. सोनिया हात घालून हळद लावील."

आबा म्हणाले, "वेशीतून पायानं जायचं असतंय. तरंगत जातो तो मुडदा."

"मग ट्रॅक्टरच्या ट्यूबवर..."

"तुम्ही डेपोतले लोक. गाडी बंद पडली की धक्का मारायचा, येवढंच तुमाला ठावं."

सुदर्शन हसला, कारण तो चांगला आहे. जाताना मात्र अंगणाच्या कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "तू चल ना तशीच. तुझी ताई गेली तशी." मी म्हटलं, मी तशी नाही. तुझ्यात जी धमक होती ती माझ्यात नाही, ताई. त्याच्या आईलाही तशी आलेली मुलगी नको आहे, बापानं राजीखुशीनं पाठवलेली पाहिजे. आणि आबांना आता गिरणीचं पोतं उचलत नाही, भाकरी थापता येत नाही, डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी तशीच गेले तर ते त्याच गिरणीत बसून राहतील, पट्टा चालू ठेवून.

तू म्हणशील, हीच तर त्यांची खेळी आहे. असेल. खेळी कळली म्हणून दार उघडत नाही.

तुझ्या नळाला आठवड्यानं का होईना जे पाणी येतं ना, ते आपल्या वेशीवरूनच येतं. जरा जास्त वापरत जा. तेवढीच मदत.

सोनी


८ मार्च २०२६

ताई,

चक्कीजवळ पोत्यावर बसून लिहितेय, कागदाला पीठ लागलं तर झटकून वाच.

सकाळी कडुबा दळण घेऊन आला. तुला आठवत असेल, भोयांच्या आळीतला, आईला नेहमी मरळ आणून द्यायचा तो. आता मासे कमी मिळतात म्हणून तोही गाळपेर करतो, टरबुजं लावतो. मी सहज विचारलं, "कडुबामामा, यंदा वेस उघडी पडेल का हो?"

तो म्हणाला, "यंदा कशी पडतीया? यंदा छातीएवढं तरी ऱ्हाणार. मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात पडली हुती तशी नाय पडायची."

मी चक्की थांबवली. "कधी पडली होती?"

"आगं, ज्या साली तुझी सुपारी फुटली त्या साली. चांगली दोन महिने कोरडी ठाक हुती. वेशीआईच्या पायथ्याला तर माझीच टरबुजं हुती की! तुझे आबा रोज यायचे. दगड धुतला, शेंदूर लावला. बसायचे तिथंच, मी टरबूज कापून द्यायचो." मग माझं तोंड बघून तो थांबला. "तुला ठावं न्हवतं व्हय? आमाला वाटलं पोराकडचेच मागं सरले. म्हणून कुणी तुझ्यापुढं विषय काढला नाय."

त्या उन्हाळ्यात आबांनी मला काय सांगितलं होतं माहीत आहे? गाळ आहे, माणूस कमरेएवढं रुततं, बाईमाणसानं तिकडं फिरकायचं नाही. त्या साली एक म्हैस खरोखरच रुतून मेली होती, त्यामुळं मी विश्वास ठेवला. वेस तशीही बाभळींच्या पलीकडं, लिंबाखालून दिसत नाही. मी रोज विचारायचे, आणि ते रोज सांगायचे, "दोन हात पाणी हाये अजून."

वेस उघडी होती, ताई. दोन महिने. मी इथं लोकांची हळकुंडं कांडपात घालत होते, दुसऱ्या पोरींची हळद माझ्या भुवयांवर बसत होती, आणि माझी वेस उघडी होती. आबा तिथं टरबूज खात बसले होते.

मी अजून त्यांना काही बोलले नाही. दुपारी जेवायला वाढलं. ते म्हणाले, आमटीत मीठ जास्त झालंय. मी म्हटलं, होय.

सोनी


२ एप्रिल २०२६

ताई,

आज हनुमान जयंती. देवळातून प्रसाद घेऊन आले, आबांच्या हातावर ठेवला आणि उभ्या उभ्या विचारलं. इतके दिवस धीर होत नव्हता.

"आबा, त्या साली वेस उघडी होती का?"

मला वाटलं होतं नाही म्हणतील, ओरडतील, गिरणी चालू करतील. ते म्हणाले, "हुती."

"मग मला कामून नाही सांगितलं?"

"चिखल हुता."

"कडुबामामाची टरबुजं काय चिखलात होती?"

आबा प्रसादाचा हात तसाच धरून बसले. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. मी जसंच्या तसं लिहिते.

"तुझी आई गेली तवा डॉक्टर म्हणला गेली, बाया रडल्या, मला काय बी वाटलं नाय. घरात पडली हुती ना डोळ्यापुढं. मग ताटी वेशीत टेकवली. त्या साली पाणी आटलं हुतं. मी विचारलं, कोण जातंय? भाऊजी म्हणले, चतुराबाई जातेय. मी म्हणलो, वेस मोकळी. अन् तवा गेली बघ ती. माझ्या तोंडानं गेली. आता ते तोंडातून निघत नाय, सोने. दोन महिने बसलो त्या दगडापाशी. म्हणून बघायचो. नाय निघत."

मी विचारलं, "आणि ताई? ती तर गेलीच ना न म्हणता?"

"कुठं गेली?" आबा चिडले. "तिला म्हणलो का मी? म्हणलो नाय म्हणजे गेली नाय. ती वेशीच्या आतच हाये. ऱ्हातीया तिकडं, राहू दे."

आता मला कळलं, टरबूज कापलं की मधली लाल फोड काढून ते ताटलीखाली का झाकून ठेवतात. मी विचारलं की तुझं नाव घ्यायचे, ऱ्हाऊ दे, संस्कृतीला. मला वाटायचं म्हातारपण आहे. दुसऱ्या दिवशी ती फोड मीच खाते, तुला सांगून ठेवते.

ताई, मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, आणि दोन्हीतलं काहीच केलं नाही. पण नंतर कांडपावर मिरच्या घालताना एकदम डोक्यात आलं. आबांच्या हिशोबानं तू अजून घरातली आहेस. वेशीच्या आतली. मानाच्या घरातलं माणूस! म्हणजे तू म्हणू शकतेस. आबांना ते नाकारता येणार नाही, त्यांचेच शब्द आहेत.

आधी लिहिलं होतं की काही मागणं नाही. खोटं होतं ते. पहिल्या पत्रापासून मागायचंच होतं, फक्त काय मागायचं ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तू ये. पाणी छातीपर्यंत आहे, मी पायी जाईन, तू काठावर उभी राहा आणि दोन शब्द बोल. आबांशी बोलू नकोस. घरात येऊ नकोस. दाजींना सोबत आण, नाही तर एकटी ये. अक्षय तृतीया एकोणीस तारखेला आहे.

वाट बघते.

सोनी


१२ एप्रिल २०२६

ताई,

मागचं पत्र वाचून तू निघायची तयारी केली असशील तर आधी हे वाच. माझ्याकडून एक चूक झाली. चूक म्हणू की काय म्हणू, तूच ठरव.

तुझं काही कळेना. सुदर्शनच्या आईचा निरोप आला, की हॉल सोडून द्यायचा का ते सांगा. मी हळदीची पुडी पदरात बांधली आणि निघाले. म्हटलं, हळद तरी लावून ठेवते, बोलायचं ते ताई आल्यावर बोलेल. भर सकाळची वेळ होती. कडुबामामा तराफा घेऊन बाजूनं चालला, मी बुडाले तर बाहेर काढायला. तराफ्याला मी हात लावला नाही. पायीच गेले.

बाभळींच्या पुढं पाणी गुडघ्याला, मग कमरेला, मग छातीला आलं. खाली गाळ, पण रुतण्याइतका नाही. म्हशीएवढी जड मी नाही. कडुबामामा सांगत होता, डावीकडं, अजून डावीकडं, आणि एकदम पायाला दगड लागला. गार, गुळगुळीत. मी खाली वाकले, तोंडात पाणी गेलं, चाचपून हळद लावली. वर पाण्यावर पिवळा तवंग आला आणि पसरत गेला.

मागं बघितलं तर काठावर आबा. गिरणी बंद करून मागोमाग आले होते. धोतर ओलं झालं होतं गुडघ्यापर्यंत.

मी माझं नाव घेणार होते. ते ऐकून तरी त्यांच्या तोंडून निघेल असं वाटलं. पण पायाखाली ती वेस लागली आणि मला तू दिसलीस, बॅग घेऊन अंगणात उभी, आणि तो गिरणीचा आवाज. इतक्या वर्षांत तुला कुणी जा म्हटलं नाही. तू गेलीस आणि तरी तुला अडकवून ठेवलंय, ताटलीखाली झाकून. माझं डोकं फिरलं. मी ओरडले, "कोण जातंय?" आणि मीच ओरडले, "संस्कृती जातेय!" आणि मग जोरात म्हटलं, "वेस मोकळी!"

ताई, पाण्यावर आवाज लांब जातो. पलीकडच्या काठावर हरभऱ्याची मळणी करणारे लोकसुद्धा थांबले. आबा होते तिथंच चिखलात खाली बसले.

मग मी म्हटलं, "सोनिया जातेय." परत म्हटलं. आबा काही बोलले नाहीत. कडुबामामानं तोंड फिरवलं, त्याला मान नाही. मी उभी राहिले, अंग काकडायला लागलं तोवर, आणि मग परत आले. दुसरं काय करणार?

घरी येताना आबांनी विचारलं, "पाणी गार हुतं का?" मी म्हटलं, होय. मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "येडी हाईस. तुला म्हणायला तीच तर उरली हुती. आता ती मोकळी झाली. परक्या घरची झाली. तिला मान ऱ्हायला नाय."

मी रस्त्यातच बसले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या हातात एकच किल्ली होती आणि ती मी तुझ्या कुलपाला लावली. आता मानाच्या घरात आबा आणि मी. मला स्वतःला म्हणता येत नाही, आणि त्यांच्या तोंडातून निघत नाही.

तीन दिवस मी फक्त दळण दळलं. सुदर्शनचा फोन घेतला नाही. रडायला यायचं तेव्हा मिरच्या कांडायला घ्यायची, म्हणजे कुणी विचारत नाही.

पण ताई, दळता दळता एक गोष्ट लक्षात आली, आणि ती लिहिण्यासाठी हे पत्र आहे. जी गेलीच नाही तिला परत कसं येता येईल? इतकी वर्षं तू आबांच्या लेखी आत होतीस, म्हणून तुला येताच येत नव्हतं. आता तू गेलेली आहेस. रीतसर, हळद लावून, भर सकाळी, दोन्ही काठांच्या साक्षीनं. गेलेल्या पोरीला माहेरी यायला वेस कुणाला काही विचारत नाही. आजोबांनीसुद्धा आत येणाऱ्याला काही विचारायचं ठरवलेलं नव्हतं.

आणि आबांनी आयुष्यात ते शब्द म्हटल्यावर परत आलेलं घरातलं माणूस अजून बघितलेलं नाही. आईला म्हटले, आई आली नाही. त्यांना वाटतं ते शब्द असेच असतात. तू दिसलीस ना त्यांना, फाट्यावरून चालत येताना, पिशवी घेऊन, उन्हानं वैतागलेली, तर कदाचित निघेल त्यांच्या तोंडातून. कदाचितच म्हणते. नाही निघालं तर मी इथंच आहे, गिरणीत, तुला ठाऊकच आहे कुठं शोधायचं ते.

तू रागानं आलीस तरी चालेल. भांडायला ये. शनिवारी दुपारची पैठणची एसटी आपल्या फाट्यावर थांबते. मी तिथं उभी राहीन, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

आज कडुबामामानं टरबूज पाठवलं. आबांनी कापलं, मधली लाल फोड काढायला सुरी नेली आणि तिथंच थांबले. मग सुरी खाली ठेवून बाहेर गेले. फोड मी काढली आणि ताटलीखाली झाकून ठेवली. शनिवारपर्यंत ती टिकणार नाही, पण तोवर मी दुसरं टरबूज आणीन.

तुझी,
सोनी